नवे औषध, नवे बियाणे : फरक खरा की योगायोग?

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. दोंडाईचा परिसरातील कापूस उत्पादकांसाठी.)



दरवर्षी हंगाम तोंडावर आला की आपल्या दारात नवीन काहीतरी येते. कधी नवे वाण, कधी फवारायचे टॉनिक, तर कधी जमिनीत टाकायचे दाणेदार खत. सांगणारा सांगतो, "भाऊ, अमक्या गावात एकाने वापरलं, एकरी दोन क्विंटल वाढले." मोबाइलवर फोटोही दाखवतो. फोटोतला कापूस खरोखरच फुटलेला असतो. मग घरी चर्चा होते, शेजारी काय करतो ते आपण बघतो आणि शेवटी उधारीवर का होईना, पाच एकरांचे औषध घेऊन येतो.

त्या एका शेतकऱ्याला जास्त पीक आले हे कदाचित खरेही असेल. पण ते औषधामुळे आले, की त्याची जमीनच कसदार होती, की त्याला वेळेवर पाणी मिळाले, की नुसताच योग जुळून आला? हे ओळखायची एक रीत आहे. संशोधन केंद्रावर तीच रीत वापरतात आणि तिचा मोठा भाग आपल्याला गावात करता येतो. त्यासाठी दहा शेतकरी, एक वजनकाटा, एक नाणे आणि एक वही एवढे पुरते. आज मी हीच रीत सांगणार आहे.

पहिली गोष्ट नमुन्याची. शितावरून भाताची परीक्षा असे आपण म्हणतो. पण एका शितावरून भात कळतो तो का? सगळ्या भांड्यात पाणी एक, जाळ एक आणि तांदूळही एक असतो म्हणून. शेताचे तसे नसते. आपल्या शिंदखेडा तालुक्यातच पाहा. तापीच्या आणि अमरावती नदीच्या काठाला खोल काळी जमीन, तर थोडे वर गेले की मुरमाड. कुणाचा मे महिन्यात लावलेला बागायती कापूस, तर कुणाचा पावसावरचा कोरडवाहू. एकाच शेतातसुद्धा उकिरड्याकडची बाजू जोमदार आणि बांधाच्या झाडाखालची खुरटी असते. अशा ठिकाणी एका शितावरून पूर्ण भांड्याची परीक्षा होत नाही. मिरचीच्या बाजारातला जाणता व्यापारीसुद्धा पोत्याच्या तोंडावरची मूठ पाहून भाव करत नाही, मधूनही हात घालतो. आपणही निदान तेवढी सावधगिरी ठेवावी.

दुसरी गोष्ट गृहीताची. माल तोलण्यापूर्वी आपण रिकामा काटा पाहतो. पासंग असेल तर तो आधी काढतो, मगच वजनावर विश्वास ठेवतो. नवीन औषधाची परीक्षाही अशीच सुरू करायची असते. सुरुवातीला असे धरून चालायचे की औषधाने काहीच फरक पडत नाही. संख्याशास्त्रात याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग हिशेब करायचा, की फरक काहीच नसता तर आपल्याला दिसला तेवढा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसला असता? वरचेवर दिसला असता, तर औषधाला श्रेय देता येत नाही. क्वचितच दिसला असता, तर "फरक नाही" हे म्हणणे सोडून द्यायचे आणि औषधात काही दम आहे असे मानायचे.

ही विद्या शेतीच्याच कामातून वाढली आहे. डब्लिनच्या गिनीज मद्य कारखान्यात गॉसेट नावाचे अधिकारी होते. बार्लीच्या थोड्याशा नमुन्यांवरून खात्रीचा निर्णय कसा घ्यावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रावर १९१९ पासून काम करून शेतातल्या प्रयोगांची शिस्त घालून दिली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघांनी हे शास्त्र भारतीय शेतीत रुजवले. शेती संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. पीक कापणी प्रयोगासाठी शेत आपल्या मर्जीने न निवडता यादीतून दैवगतीने निवडायचे, ही पद्धत बसवण्यातही या दोघांचा मोठा वाटा आहे. पीकविम्याची भरपाई ठरवताना याच कापणी प्रयोगांचे आकडे लागतात. तेव्हा हे शास्त्र आपल्या खिशाशी जोडलेले आहे, परके नाही.

आता प्रयोग कसा लावायचा ते पाहू. कपाशीवर फवारायच्या एखाद्या टॉनिकचे उदाहरण घेऊ.

१. गावातले दहा शेतकरी एकत्र या. दहा जमत नसतील तर निदान सहा तरी हवेत. सहाच का, ते पुढे येईल.

२. प्रत्येकाने आपल्याच शेतात, एकसारख्या जमिनीत, शेजारी-शेजारी दोन पट्टे आखावेत. वजनाचे क्षेत्र प्रत्येक पट्ट्यात पाच गुंठे ठेवावे. जमिनीला उतार असेल तर दोन्ही पट्टे उताराच्या दिशेने उभे पाडा, म्हणजे वरची पातळ आणि खालची जाड जमीन दोघांच्याही वाट्याला येते.

३. कोणत्या पट्ट्यावर औषध मारायचे ते नाणे उडवून ठरवा. ही पायरी कुणी गाळू नये. आपण मनाने ठरवले की हात आपोआप चांगल्या पट्ट्याकडे जातो. त्यात लबाडी नसते, तो माणसाचा स्वभाव आहे.

४. बाकी सर्व सारखे ठेवा. वाण, लागवडीची तारीख, अंतर, खत, पाणी, निंदणी आणि कीडनाशकाच्या फवारण्या दोन्हीकडे एकाच दिवशी. टॉनिक एका पट्ट्यावर माराल त्याच दिवशी दुसऱ्या पट्ट्यावर तेवढेच साधे पाणी फवारा.

५. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही ओळी सोडा, कारण वाऱ्याने औषध पलीकडे उडते. कडेच्या ओळींचा कापूसही वजनात धरू नका.

६. प्रत्येक वेचणीचा कापूस वेगळा बांधा. बोचक्यावर फक्त खुणेची चिठ्ठी लावा. वजन करणाऱ्याला कोणता कापूस कुठला हे सांगू नका. दवाने ओला कापूस आणि उन्हातला कापूस यांची तुलना करू नका. सर्व वेचण्या झाल्यावर बेरीज करा.

इथे कुणी म्हणेल, "साहेब, माझी जमीन काळी आणि नानांची मुरमाड. मग तुलना कशी व्हायची?" उत्तर सोपे आहे. तुमची तुलना नानांशी करायचीच नाही. तुमच्या औषधाच्या पट्ट्याची तुलना तुमच्याच साध्या पट्ट्याशी आणि नानांच्या पट्ट्याची त्यांच्याच पट्ट्याशी. दोघांचा फक्त फरक वहीत लिहायचा. त्यामुळे जमिनीचा आणि पाण्याचा वाद आपोआप मिटतो.

हंगाम संपला की पहिली, अगदी सोपी चाचणी करा. दहापैकी किती जणांच्या शेतात औषधाचा पट्टा पुढे राहिला, तेवढे मोजा. कुणाचे वजन दोन्हीकडे अगदी सारखे आले तर त्याला मोजणीतून वगळा. औषधात काहीच दम नसेल, तर कोणता पट्टा पुढे जाईल हे नाणे उडवण्यासारखेच झाले. नाणे दहा वेळा उडवले तर छाप-काट्याचे १०२४ वेगवेगळे क्रम पडू शकतात. दहाही वेळा एकच बाजू पडावी असे त्यातले फक्त २. नऊ-एक किंवा त्याहून एकतर्फी असे २२, म्हणजे शंभरात सुमारे दोन. आठ-दोन किंवा त्याहून एकतर्फी असे ११२, म्हणजे शंभरात सुमारे अकरा. आणि सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी असे ३५२, म्हणजे शंभरात चौतीस!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. "दहापैकी सात जणांना फायदा झाला" हे ऐकायला भारी वाटते. पण औषधाऐवजी नुसते पाणी मारले असते, तरी इतका एकतर्फी निकाल तीनातून एकदा सहज लागला असता. विश्वास बसत नसेल तर शाळेतल्या मुलांना नाणी द्या आणि दहा-दहा वेळा उडवायला सांगा. घटकाभरात खात्री पटेल.

मग रेषा कुठे ओढायची? शंभरात पाच ही रेषा शेती संशोधनात रूढ आहे. नुसत्या योगायोगाने असा निकाल शंभरात पाचपेक्षा कमी वेळा लागत असेल, तर फरक खरा मानायचा. या रेषेने दहात नऊ जण लागतात. सहा शेतकरी असतील तर सहाही जणांचा निकाल एका बाजूला हवा, कारण तसे घडण्याची शक्यता शंभरात तीन आहे. पाचच शेतकरी असतील तर पाचही जण एका बाजूला गेले तरी शक्यता शंभरात सहा उरते, म्हणजे रेषा ओलांडली जात नाही. म्हणून मी निदान सहा म्हटले. ही रेषा प्रयोगापूर्वी ठरवून वहीत लिहून ठेवा. निकाल पाहून रेषा सरकवणे म्हणजे माल पाहून माप बदलणे.

या चाचणीत एक उणीव आहे. कुणाचा कापूस एक किलोने वाढला आणि कुणाचा नऊ किलोने, तरी ती दोघांना सारखेच मोजते. वजने असतील तर दुसरी चाचणी करा. तिला टी-चाचणी म्हणतात. गॉसेट यांच्या रीतीतून आलेली ती हीच. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीकडून हा हिशेब करून घ्या, मोबाइलवरही होतो. उदाहरणासाठी मी दहा आकडे घेतो. हे प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत, फक्त रीत समजण्यासाठी आहेत. औषधाच्या पट्ट्यातून साधा पट्टा वजा करून पाच गुंठ्यांतला फरक किलोत असा आला समजा: ६, ४, ९, उणे २, ५, ३, ७, १, उणे १, ८.

• बेरीज ४०, शेतकरी दहा, म्हणून सरासरी फरक ४ किलो.

• प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा आणि त्याचा वर्ग करा. सर्व वर्गांची बेरीज १२६ येते.

• शेतकऱ्यांच्या संख्येतून एक कमी करून, म्हणजे ९ ने भागा. उत्तर १४.

• ते पुन्हा १० ने भागा, १.४ आले. त्याचे वर्गमूळ सुमारे १.१८. आपल्या सरासरीत योगायोगाने किती हेलकावा असू शकतो, त्याचे हे माप.

• सरासरी ४ ला १.१८ ने भागा. उत्तर सुमारे ३.४.

हे उत्तर तक्त्यातल्या आकड्याशी ताडून पाहायचे. शंभरात पाचच्या रेषेसाठी सहा शेतकऱ्यांना २.५७, आठांना २.३६, दहांना २.२६ आणि बारांना २.२० हा आकडा आहे. आपले ३.४ हे २.२६ पेक्षा मोठे, म्हणून फरक योगायोगाचा नाही असे मानायला आधार मिळाला. गंमत बघा. याच दहा आकड्यांत आठ जणांना वाढ आणि दोघांना घट आहे. नुसती मोजणी केली असती तर आठ-दोनचा निकाल रेषेच्या अलीकडेच राहिला असता. वजन केल्यामुळे जास्त माहिती हाती आली. ज्यांना घट झाली त्यांची घट थोडी आणि ज्यांना वाढ झाली त्यांची वाढ बरीच, हे मोजणीला दिसत नव्हते. म्हणून अंदाजाने "बरा आला" असे लिहू नका, काट्यावर तोला.

आता फरक खरा ठरला, म्हणून लगेच दुकानाकडे निघू नका. फरक खरा असणे आणि फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच गुंठ्यांत ४ किलो म्हणजे एकरी ३२ किलो. पण हा आकडा दहा शेतांवरचा आहे, त्यात हेलकावा आहे. १.१८ ला २.२६ ने गुणले की सुमारे २.६७ येतात. ते सरासरीतून वजा केले आणि सरासरीत मिळवले, की खरी वाढ एकरी साधारण ११ किलोपासून ५३ किलोपर्यंत कुठेही असू शकते असे निघते. आता औषधाची किंमत आणि फवारणीची मजुरी मिळून एकरी खर्च २० किलो कापसाच्या पैशांइतका आहे असे समजा. सरासरी धरली तर १२ किलोचा नफा दिसतो. पण खरी वाढ ११ किलोच असेल तर ९ किलोंचा तोटा, आणि वेचणीची वाढीव मजुरी वेगळीच. अशा वेळी शहाणपणाचा निर्णय एवढाच, की औषध सगळ्या शेताला मारू नये. आणखी एक हंगाम थोड्या जागेवर, जास्त शेतकरी घेऊन प्रयोग करावा. उधारी करून पाच एकर भिजवण्यापेक्षा वर्षभर थांबणे स्वस्त पडते. खर्च नेहमी किलो कापसात मांडा, म्हणजे भाव चढला-उतरला तरी हिशेब नव्याने मांडता येतो.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते हेही ध्यानात ठेवा. निकामी औषधाला चांगले म्हणणे ही एक चूक. त्यात पैसा जातो. चांगल्या वस्तूला निकामी म्हणणे ही दुसरी चूक. त्यात पुढचे उत्पन्न जाते. चाचणीत फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे फरक नाहीच असे सिद्ध झाले, असे समजू नका. कदाचित शेतकरी कमी पडले असतील. बदल बिनखर्चाचा असेल, उदाहरणार्थ ओळींची दिशा बदलणे, तर पुरावा थोडा कमी असला तरी करून पाहायला हरकत नाही. बदल महागाचा असेल तर पुरावा पक्का मागा.

आणखी तीन सूचना देतो.

पहिली. निकाम्या वीस औषधांची परीक्षा केली, तर त्यातले एखादे नुसत्या नशिबाने रेषा ओलांडेल. म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "किती शेतांवर लावले होते आणि त्यातली किती फसली?" फसलेल्यांचा आकडा जो सांगत नाही, त्याच्या एका फोटोला किंमत देऊ नका.

दुसरी. एखाद्या पट्ट्यात गुरे शिरली, पाणी तुंबले किंवा फवारणी चुकली, तर तसे त्याच दिवशी वहीत लिहा आणि त्या शेतकऱ्याची जोडी पूर्ण वगळा. वजन झाल्यावर नावडता आकडा पाहून कारण शोधू नका. आवडते आकडे ठेवायचे आणि नावडते काढायचे असे केले, तर प्रयोग न केलेलाच बरा.

तिसरी. एका हंगामाचा निकाल एका पावसाचा असतो. यंदा पाऊस वेळेवर झाला, पुढच्या वर्षी महिनाभर ताण पडेल. दोन हंगामांत निकाल एकाच बाजूला गेला तर भरवसा वाढतो.

कुणी म्हणेल, "इतकी माथापच्ची कोण करणार? आमचे आजे-पणजे कुठे गणित करत होते?" आप्पा, तुमचे आजे-पणजे घरचे बी पेरत होते आणि घरचे शेणखत टाकत होते. चुकले तर मेहनत जायची. आज चुकले तर रोख पैसा जातो आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याचा असतो. शिवाय काम किती? नाणे एकदा उडवायचे आणि एरवीही वेचणीला तोलतो तो कापूस दोन वेगळ्या बोचक्यांत तोलायचा. शेवटी अर्ध्या तासाचा हिशेब. दहा जणांनी वाटून घेतले तर कुणालाच जड नाही. आणि त्यातून निघालेला निकाल तुमच्या गावचा, तुमच्या मातीचा असतो. तो कुणी पटवून द्यावा लागत नाही.

कपाशीसाठी सांगितलेली ही रीत मिरचीच्या तोड्यांना, गव्हाला, हरभऱ्याला, बाजरीलाही तशीच लागू आहे. फक्त पट्टे, वजन आणि वही हवी. येत्या हंगामात गावात असा गट करा. पट्टे आखायला आणि हिशेब तपासायला तुमच्या भागातल्या कृषी खात्याच्या माणसाला बोलवा. त्यात संकोच नको, आमचे ते कामच आहे.

थोडक्यात सांगतो. तुलना स्वतःच्याच शेतात करा. पट्टा नाण्याने ठरवा. माल काट्यावर तोला. रेषा आधी ओढा. खर्च किलोत मांडा. मगच खिशात हात घाला.